तू कधी प्यायलाच नाहीस, दादा

दादा, तुझ्या दहाव्याला मुलाणी डॉक्टर आले होते. नदीकाठी सगळ्यांच्या मागे, गाडीची चावी हातात धरून उभे होते. विधी उरकून माणसं पांगायला लागली तेव्हा माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शोभाताई, बबनरावांनी पुन्हा सुरू करायला नको होती हो. चार वर्षं किती चांगले राहिले होते." मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं मी रडतेय. रडत होतेच, पण पदर लावला तो तोंड बंद ठेवायला.

तू दारूनं गेलास असं गाव समजतं. डॉक्टरही तेच समजत होते. आणि तू तर असा माणूस की रसवंतीवर उसाचा रससुद्धा "आंबला न्हाई न्हवं?" विचारल्याशिवाय तोंडाला लावायचा नाहीस. लग्नाच्या वरातीत कुणी प्यालेला जवळ येऊन बोलायला लागला की तू नाक मुरडून चार हात लांब सरकायचास आणि वहिनी तुला हसायची. त्या माणसाला आम्ही दारुडा म्हणून सरणावर ठेवलं. आम्ही म्हणजे कोण, मीच. पहिलं खोटं मीच बोलले होते.

आठवतंय ना तुला ताम्हिणीचं? चार वर्षं झाली. तू कंपनीची बस चालवत होतास. आठ दिवस तुला झोप नव्हती आणि झोप नसल्याचा त्रासही नव्हता. बोलत सुटला होतास. डोंगराला विहीर खणायची, गावाला फुलशेती शिकवायची, सगळं उद्याच. त्या दिवशी सकाळच्या पाळीची माणसं घेऊन निघालास, पिरंगुटच्या चौकात कंपनीकडे वळायचं सोडून पौडच्या रस्त्याला लागलास आणि बस थेट ताम्हिणीत नेऊन उभी केलीस. अख्ख्या बसला कांदाभजी सांगितलीस. "रोज मशीन बघताय, एक दिस डोंगूर बघा" म्हणालास. निम्मी माणसं हसत होती, निम्मी रडकुंडीला आली होती. दुपारी ठेकेदार तुला घरी घेऊन आला तेव्हाही तुझं बोलणं थांबलेलं नव्हतं.

तो दारातूनच ओरडला, "प्यालाय का काय ह्यो?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "व्हय, जरा जास्त झाली त्याला."

किती सहज तोंडातून गेलं ते! आणि किती सहज सगळ्यांना पटलं. सुंठीवाचून खोकला गेला असंच वाटलं मला तेव्हा. दारू पिणारं माणूस कुणाच्या घरात नाही? शिव्या घालतात, नोकरीवरून काढतात, दोन महिन्यांनी विसरतात. पण डोक्याचा आजार म्हटलं की सात पिढ्यांची चौकशी होते. तुझी प्राजू तेव्हा सतरा वर्षांची होती. आपल्याकडे दारुड्याची पोरगी खपते, वेड्याची खपत नाही. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि तू मान खाली घालून ऐकलं होतंस.

तुझी नोकरी गेली ती गेलीच. पण तुला पुण्याला मी नेलं, हे मात्र खरं ना दादा? मी गावची आशाताई. घरोघर फिरून बाळांच्या लशी बघते, बाळंतपणाच्या तारखा बघते. असा आजार असतो आणि त्याला औषध असतं एवढं मला शिकवलेलं होतं. पुण्याच्या मॅडमनी तुझ्याशी तासभर बोलून सांगितलं, मनाचा आजार आहे, माणूस खूप वर चढतो नाहीतर खूप खाली जातो, गोळी घेतली तर आयुष्य नीट जाईल. लिथियमची गोळी. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ अचानक तोडायचं नाही, आणि अंगदुखीची, बीपीची कुठलीही गोळी आम्हाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मग त्यांनी विचारलं, "गावातल्या डॉक्टरांचा नंबर द्या, मी बोलते त्यांच्याशी."

मी म्हणाले, "फोन लागत नाही मॅडम आमच्याकडं. पत्र द्या, मी हातोहात देते."

त्यांनी लिहून दिलं. खाली स्वतःचा मोबाइल नंबर घातला. ते पत्र मी माझ्या लसीकरणाच्या रजिस्टरात ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. पुढच्या खेपांना मॅडमनी दोनदा विचारलं, "दिलं ना पत्र?" आणि मी दोन्ही वेळा "हो" म्हणाले. तू शेजारी बसून माझ्याकडे बघायचास. एकदा बाहेर आल्यावर म्हणालास, "शोभे, तू गावाला सांगत फिरतीस, डॉक्टरपासनं काय बी लपवू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!" मला राग आला होता. बस येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही.

तुझा माझा एवढा एकच वाद चार वर्षं चालला. तुला मुलाणी डॉक्टरांना सांगायचं होतं. ते तुझे दोस्त. त्यांची मोटारसायकल बिघडली की तूच दुरुस्त करायचास, ईदेला त्यांच्या घरून तुझ्यासाठी डबा यायचा. तू म्हणायचास, "त्याला सोताला शुगर हाय, त्यो सांगतो का न्हाई समद्यांला? मग आपुन काय पाप केलंय?" आणि मी म्हणायचे, प्राजूचं होऊ दे. एकदा तिचं लग्न झालं की मी स्वतः जाऊन सांगते. तू हसून म्हणायचास, "मग काय, प्राजूच्या लग्नात लाउडस्पीकरवर सांगू."

आणि तू चांगला होतास रे. बंगल्यावर माळीकाम धरलंस तेव्हापासून तर फारच. शनिवार-रविवारी येणारे ते पुण्याचे लोक तुला "बबनकाका" म्हणायचे. त्यांच्या हिरवळीवर तू एवढा जीव लावलास की मालकीणबाई चप्पल घालून चालल्या तरी तुझ्या कपाळावर आठी यायची. मला सगळ्यांत जास्त आठवतो तो तुझा झोपलेला चेहरा. दुपारी जेवून ओसरीवर पडायचास, तोंड उघडं, एक हात जमिनीला लागलेला. आठ आठ दिवस न झोपलेल्या माणसाला असं झोपलेलं बघितलं की मी जाता जाता थांबायचे. तुला हे कधी सांगितलं नाही.

या उन्हाळ्यात तुझा गुडघा धरला. बंगल्यावर दिवसभर उन्हात राबत होतास. पाय सुजले होते, डोकं दुखत होतं. मी तुला दवाखान्यात घेऊन गेले. आपला दवाखाना कसा आहे हे काय तुला सांगायचं? एकच खोली. डॉक्टरांचं टेबल, तपासायची खाट आणि भिंतीला लावलेले दोन बाक. पुढचे पाच-सहा पेशंट आतच बसतात. एकाला काय झालंय ते सगळे ऐकतात, वर सल्लाही देतात. कुणाला खोकला झाला की बाकावरून आवाज येतो, "आडुळसा उकळून दे." हे असंच चालत आलंय आणि आम्हाला त्यात कधी वावगं वाटलं नाही.

डॉक्टरांनी बीपी बघितलं, वाढलेलं होतं. त्यांनी विचारलं, "बबनराव, दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

तू माझ्याकडे बघितलंस. बाकावर प्राजूच्या होणाऱ्या सासूची जाऊ बसली होती. बोलणी नुकतीच झाली होती, सुपारी फुटायची बाकी होती. ती कान देऊन ऐकत होती. ऐकत नसेलही. पण मला तसं वाटलं.

मी म्हणाले, "न्हाई. कायसुदिक न्हाई."

त्या तीन शब्दांनी तुला मारलं, दादा.

डॉक्टरांनी नेहमीसारख्या कागदाच्या पुड्या बांधल्या. पांढरी गोळी सकाळी, ती सूज आणि बीपीची, लघवी जास्त होईल. पिवळी दोन वेळा, गुडघ्याची. आणि मीठ कमी करा. पुडीवर नाव नसतं, त्यामुळे गोळी कुठली ते त्यांच्याशिवाय कुणाला कळायची सोय नाही. वाटेत तू म्हणालास, "ती म्हनती मीठ तोडू नको, ह्यो म्हनतो तोड. दोन घरचा पाव्हणा उपाशी, तशी गत झाली माझी. शोभे, फोन लाव की त्या बाईला."

मी लावला होता, खरंच लावला होता. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम पेशंट बघतायत, तुमची तारीख तीन आठवड्यांनी आहे, तेव्हा या. मी म्हणाले, बरं. मी तिला म्हणू शकले असते की निरोप द्या, लिहून घ्या, अडचण आहे. मी फोन ठेवला आणि मला जरा हायसंच वाटलं. तुला म्हणाले, "जवळच्या डॉक्टरचं ऐक. ते रोज बघतात तुला." तू ऐकलंस. माझं सगळं ऐकायचास तू, नको तेव्हासुद्धा.

दोन आठवड्यांनी तुझ्या हातातून चहा सांडायला लागला. मग जुलाब. मग चालताना पाय आडवेतिडवे पडायला लागले, जीभ जड झाली. आम्हाला वाटलं ऊन लागलं. वहिनी तुला कोकमाचं सरबत करून देत होती, त्यातही मीठ घालत नव्हती. एके दिवशी बंगल्यावरचा वॉचमन तुला धरून घरी घेऊन आला आणि हसत म्हणाला, "मामा आज लई टाकून आले." समोरच्या ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वहिनीनं तुला आत घेतलं, पण ती त्याला काही बोलली नाही. मीही बोलले नाही. चार वर्षांपूर्वी मीच पेरलेलं खोटं होतं, ते उगवून दारात उभं राहिलं होतं, आणि त्याला खोटं म्हणायचं तर खरं सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी तुला पुन्हा दवाखान्यात नेलं. बाक भरलेले. डॉक्टरांनी तुझे थरथरणारे हात बघितले, बोलणं ऐकलं. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "पुन्हा सुरू केलीये का?"

दादा, त्या क्षणापाशी मी रोज जाते. सकाळी चूल पेटवताना जाते, रजिस्टर भरताना जाते. मला बाकी काही करायचं नव्हतं. फक्त "दारू नाही" एवढं म्हणायचं होतं. मी मान खाली घातली. त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. तुला सलाइन लावली, ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि दोस्तासारखं रागावले, "बबनराव, पोरीचं लग्न तोंडावर आलंय, आता तरी सोडा." तू खाटेवर पडून डोकं हलवत होतास. माझा हात धरलास. जीभ वळत नव्हती तरी म्हणालास, "शोभे… सांग."

मी म्हणाले, "घरी गेल्यावर बोलू."

घरी गेल्यावर तू झोपलास. सकाळी तू हाकेला ओ दिली नाहीस. गाडी करून पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरानं विचारलं, "कुठली औषधं चालू होती?" आणि मी घडाघडा सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळीचं नाव, किती, कधीपासून. भोवती पन्नास माणसं होती, पण त्यातलं आपलं कुणी नव्हतं. परक्या माणसांसमोर मला कसलीच लाज वाटली नाही. तो पोरगा म्हणाला, "मावशी, हे तिकडच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं?" त्या दोन गोळ्यांनी आणि मीठ तोडल्यानं रक्तात लिथियम भलतंच वाढलं होतं, मूत्रपिंडं बंद पडत आली होती. मशीन लावलं. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

तुझ्यावरही मला राग येतो, खोटं कशाला बोलू? तू थोरला भाऊ होतास. एवढं कळत होतं तर माझं न ऐकता सरळ बोलायचं होतंस. मला एक थोबाडीत मारायची होतीस. ताम्हिणीपर्यंत अख्खी बस नेलीस कुणाला न विचारता, आणि बाकापासून टेबलापर्यंतचं एक वाक्य तुला नेता आलं नाही? मग वाटतं, त्या ताम्हिणीनंतर तुला स्वतःवर भरवसाच राहिला नव्हता. तुला वाटायचं, शहाणी ती शोभी. तिला कळतं.

दहाव्याच्या संध्याकाळी मी वहिनीला म्हणाले, डॉक्टरांना खरं सांगते. तिनं माझे दोन्ही हात धरले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, वन्सं. मानूस गेला. आता त्यांना येडं ठरवून काय मिळनार हाय? दारूनं गेला म्हनत्यात, म्हनू द्या. दारूनं गेलेल्यांच्या पोरी नांदत्यात." ती वाईट नाही दादा. तिनं तुझ्या आजारात काय काय काढलंय ते मला माहीत आहे.  चार वर्षं मीच तिला हे शिकवलं होतं. मी घरी आले.

पण परवा मी कामाला गेले होते, तर एका घरात एक सून मला आत घेऊन गेली. डाळीच्या डब्यातून तिनं गोळ्यांची पट्टी काढली. तीही अशाच आजारासाठी पुण्याला जाते, मला माहीत नव्हतं. म्हणाली, "ताई, माझी कंबर लई दुखतीया. मुलाणी डॉक्टरकडं जाऊ, पर ह्या गोळ्यांचं सांगू का नको?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती.  तिला म्हणाले, सांग. आत्ताच्या आत्ता चल, मी येते सोबत. तर ती म्हणाली, "तितं समदी बसल्याली असत्यात ताई," आणि तिनं डबा परत फळीवर ठेवला.

म्हणून काल मी गेले. वहिनीला न सांगता गेले. रजिस्टरातलं पत्र काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या, मान वर केली आणि बाकावरच्या सगळ्यांना म्हणाले, "जरा बाहेर बसा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग सगळं पत्र दोनदा वाचलं. "हे कधीचं?" मी सांगितलं. चार वर्षांचं सगळं सांगितलं, मान खाली घातली होती ते पण, आणि नाव न घेता त्या सुनेचंही. त्यांनी चष्मा काढला. 

"वास नव्हता," ते म्हणाले. "शोभाताई, त्या दिवशी त्यांच्या तोंडाला वास नव्हता. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. लोक म्हणतात म्हणून मी पण मानलं." मग म्हणाले, "आणि विचारलं ते सगळ्यांच्या देखत विचारलं." मी म्हणाले, "तुमचा काय दोष?" ते एकदम चिडले. "गोळी कुणी दिली? मी दिली ना? पुडीवर नाव लिहिलं असतं तर तुम्ही तरी वाचलं असतं!" आणि मग माझ्यावरही चिडले. "दोस्त होता तो माझा. तुम्हाला मी काय गावभर सांगत फिरणारा वाटलो?" ते बरोबर होतं. मी ऐकून घेतलं.

त्यांनी पत्रावरचा नंबर लावला. मॅडम कामात होत्या, "मी डॉक्टर बोलतोय, मुठ्याहून, थांबतो," म्हणाले आणि खरंच थांबून राहिले, फोन कानाला लावून, बाहेर पेशंट खोकत असताना. मग मॅडम आल्या. मला फक्त डॉक्टरांचं ऐकू येत होतं. "हो मॅडम… नाही, मला काहीच माहीत नव्हतं… लघवीची गोळी, हो, मीच दिली… मीच." मग त्या सांगत गेल्या आणि डॉक्टर पेनानं लिहून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "आणखी एक पेशंट आहे आमच्याकडे, तिच्याबद्दल विचारायला फोन केला तर चालेल ना?" एवढंच. बोलणं सगळं मिळून पाच मिनिटं झालं असेल. चार वर्षांत पाच मिनिटं मिळाली नव्हती, ती तू गेल्यावर मिळाली.

बाहेर आले तर ओट्यावर हौसाबाई बसली होती, आणखी चार-पाच बाया होत्या. हौसाबाई म्हणाली, "बबनचं लई वंगाळ झालं गं. दारू लई बेकार बघ. सोन्यासारखा मानूस नेला."

मी तिथंच थांबले. प्राजू डोळ्यांसमोर आली. वहिनीनं धरलेले हात आठवले. हे बोलले तर संध्याकाळच्या आत पोरीच्या सासरी पोचणार, हे मला कळत होतं. आणि पोचलंच. रात्रीच्या आत त्यांचा फोन आला, "आमी जरा इचार करतो" म्हणाले. आज सकाळी मी गेले तर वहिनीनं दार उघडलं नाही. प्राजू आतून रडताना ऐकू येत होती. ती सोयरीक मोडली तर मी काय करणार आहे, मला माहीत नाही. दादा, मी चूक केली की बरोबर, तेही मला आता सांगणारं कुणी नाही.

पण मी बोलले. हौसाबाईला म्हणाले, "माझ्या दादानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याला मनाचा आजार होता, पुण्याचं औषध चालू होतं, आणि ते मी डॉक्टरांपासून लपवलं. म्हणून गेला तो."

 मी पायऱ्या उतरून खाली आले. एवढंच होतं रे दादा. एका दमात बोलून झालं. तू माझा हात धरून हेच मागत होतास.